माझ्या फोनवर शेजाऱ्याचं कर्ज

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. गल्लीत कोणी हा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. भरपूर पाणी पिणारा, तब्येतीला जपणारा माणूस असा माझा जो लौकिक आहे, त्याचं कारण एवढंच. आता डॉक्टरनं पाणी बेतानं प्यायला सांगितलं आहे. उठायला निमित्त उरलं नाही, म्हणून बसून लिहितो आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. नोकरी मेहकरला, घर जानेफळला. खात्यात असल्यामुळे आमच्या गल्लीत पहिला फोन माझ्याकडे आला, आणि त्या दिवसापासून मी सगळ्या गल्लीचा भाऊसाहेब झालो. नव्या पिढीला सांगावं लागेल: तेव्हा ज्यांच्या घरी फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर देत आणि पुढे ‘पी.पी.’ असं लिहीत. म्हणजे फोन शेजारी वाजेल, तो बोलावून देईल. आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर वधूवरांच्या खाली माझा नंबर असे, आणि पत्रिका आली की मी आधी तोच वाचत असे.

या पी.पी.ची एक रीत होती. फोन आला आणि माणूस घरी नसला, तर नुसतं “नाहीत” म्हणून रिसीव्हर ठेवायचा नाही. तो कुठे गेला आहे, कधी सापडेल, हे नीट सांगायचं. “ते वावरात गेले, दिवेलागणीला करा.” “त्या माहेरी आहेत, बुधवारी येतील.” नुसतं “नाहीत” म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणीसुद्धा न विचारणं. ही रीत मी इतकी निष्ठेनं पाळली, की गल्लीत कोण कुठे आहे हे त्यांच्या बायकांना कळायच्या आधी मला कळे. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, माझा काळा फोन बंद पडला, पण माझ्यातला ऑपरेटर काही बंद पडला नाही.

शेजारच्या घरी बिछायत केंद्र होतं. लग्न असो, तेरवी असो, मांडव, खुर्च्या, गाद्या, मोठी भांडी, माईक हे सगळं भाड्यानं देण्याचा व्यवसाय. शेजारी माझ्याहून पुष्कळ लहान, कष्टाळू, बोलायला मऊ. त्याची बायको मला ‘दादा’ म्हणे. तिला आईबाप नव्हते, एक धाकटा भाऊ तेवढा होता, त्याला तिनंच लहानाचा मोठा केलेला. लग्न होऊन ती आली तेव्हा तोही तिच्याबरोबर आला आणि पुढे मेहुण्याच्या हाताखाली मांडव बांधायला लागला. बांबूवर चढला की खाली बघून बहिणीला हाक मारायचा. ती अंगणातून ओरडायची, “उतर बे, मले पाह्यवत नाही.”

शेजाऱ्याला धंदा वाढवायचा होता. नव्या खुर्च्या, त्यांना पांढरी कव्हरं, मोठा साउंड. एका फायनान्स कंपनीचा पोरगा कर्जाची कागदपत्रं करायला आला आणि आमच्या ओट्यावर बसला, कारण रेंज तिथंच चांगली येते. त्यानं शेजाऱ्याला एका ओळखीच्या माणसाचा नंबर मागितला. शेजारी म्हणाला, माझ्या साळ्याचा लिहा, भाऊसाहेबांना कशाला त्रास. मला राग आला. गल्लीत मी बसलेलो असताना दुसऱ्याचा नंबर? तो सुद्धा माझ्याच ओट्यावर बसून? मी चष्मा वर केला आणि एक्स्चेंजमध्ये सांगत असे तसा, दोन-दोन आकडे सुटे करून, माझा नंबर सांगितला. पोरानं लिहून घेतला आहे याची खात्री करण्यासाठी त्याच्याकडून परत म्हणवून घेतला. शेजाऱ्यानं मला फसवून यात गोवलं, असं पुढे मी काही लोकांना सूचकपणे सांगितलं आहे. ते खोटं आहे. मी हट्टानं शिरलो.

मग लॉकडाऊन आला. लग्नं पाच-पन्नास माणसांत आणि घरातल्या घरात होऊ लागली, तिथे मांडव कोण मागतो? नव्या खुर्च्या एकीवर एक चढून शेजाऱ्याच्या पडवीत छतापर्यंत गेल्या. गाद्यांत उंदरांनी संसार थाटले. हप्ते थांबले, आणि कंपनीचे फोन सुरू झाले. शेजाऱ्यानं काही महिने ते घेतले, मग एक दिवस मोबाइल बंद करून कपाटात टाकला. त्याच दिवसापासून माझा वाजायला लागला.

पहिल्यांदा एक मुलगी बोलली. मला ‘सर’ म्हणाली. मला बरं वाटलं. मी सांगितलं, काळजी करू नका, निरोप पोचवतो. आणि मी पोचवायचो! शेजारी जेवायला बसला की भिंतीवरून वाकून सांगायचो, कंपनीचा फोन होता, आठ दिवसांत भरा म्हणतात. त्याचा घास हातात राहायचा. त्याची बायको पोळी तव्यावर तशीच सोडून माझ्याकडे पाहायची. मी मात्र निरोप वेळेत दिल्याच्या समाधानात घरात यायचो.

मुलीनंतर माणसं आली. ‘सर’चे ‘काकाजी’ झाले, आणि काकाजीचं पुढे काय काय झालं ते लिहीत नाही. त्यात एकाचा आवाज घोगरा, बोलणं अर्धं हिंदी. तो रोज करायचा. आज वाटतं, फोन ठेवून द्यायला काय झालं होतं? पण मला तो ठेवता येत नसे. समोरचा बोलत असताना लाइन तोडायची नाही, ही माझी नोकरीची शिस्त. तो शिव्या द्यायचा आणि मी त्या पूर्ण ऐकून घ्यायचो. मध्ये आवाज तुटला तर “हॅलो, ऐकू येत नाही” असंही म्हणायचो.

पुढे बँकेतल्या एका ओळखीच्यानं मला सांगितलं की नुसता नंबर दिल्यानं त्या कर्जाची एका पैशाची जबाबदारी माझ्यावर येत नव्हती. मी सही केली नव्हती, जामीन नव्हतो. चार लोकांना विचारून हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला एखादी गोष्ट माहीत नाही हे कबूल करायचं, आणि टेलिफोन खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते जमण्यासारखं नव्हतं.

एकदा मी गावात एका घरी भेटायला गेलो होतो. घरचे म्हातारे गेले होते, माणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली. फोन वाजला. मला कमी ऐकू येतं, म्हणून नातवानं स्पीकर कायमचा चालू करून ठेवलेला. तो घोगरा आवाज त्या दुःखाच्या घरात घुमला: “काकाजी, पैसे कवा भरता? का घरी येऊन बसू?” सगळ्यांनी माना वर केल्या. मयताच्या मुलानंसुद्धा डोळे पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की भाऊसाहेबाचं पेन्शनीत भागत नाही, म्हाताऱ्यानं कर्ज काढलं. न्हावी दाढी झाल्यावर म्हणाला, “राहू द्या भाऊसाहेब, पैसे मंग द्या.”

मंग द्या! आयुष्यात मी न्हाव्याचे पैसे ठेवले नव्हते. त्या दिवशी मला शेजाऱ्याचा खरा राग आला. हा राग महत्त्वाचा आहे. पुढे मी स्वतःची समजूत घालताना तो नेहमी वगळत आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लग्नं पुन्हा धूमधडाक्यात सुरू झाली. शेजाऱ्याला मोठी ऑर्डर मिळाली, साखरखेर्ड्याची. ती माझ्याच फोनवर आली, कारण त्याचा मोबाइल बंद होता आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे माझाही मोबाइल नंबर होता. मी ती त्याला सांगितली तेव्हा त्याच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला. दोन मोसम असेच चालले तर कंपनीचे सगळे हप्ते मोकळे करतो, म्हणाला. फक्त हे कोणाला कळू देऊ नका, कंपनीची माणसं सामान उचलून नेतील आणि सामान गेलं तर फेडू कशातून. हे ठाऊक होतं चौघांना: तो, त्याची बायको, तिचा भाऊ आणि मी. माझी बायको पाचवी, पण तिला मी सांगितलं नव्हतं. तिला सांगावं लागत नाही.

लग्न रविवारचं होतं. तीन-चार दिवस आधी घोगऱ्याचा फोन आला. त्या दिवशी तो शांत बोलला. म्हणाला, “काकाजी, तुमच्याशी आमची काही दुश्मनी नाही. रविवारी चार पोरं घेऊन तुमच्या ओट्यावर येऊन बसतो. चहा पाजा, दिवसभर बसू. लोकं विचारतीन तं सांगू काऊन बसलो.”

मला न्हावी आठवला. मी म्हणालो, “रविवारी येऊ नका. रविवारी तो इथं नाही.”

“मंग कुठं भेटते?”

आणि मी सांगितलं. गाव सांगितलं, शाळेमागचं मैदान सांगितलं, लग्नाची वेळ सांगितली. इतकी वर्षं मी म्हणत आलो की ती सवय होती, पी.पी.ची रीत होती, तोंडातून निघून गेलं. सवय होतीच. पण सांगताना मला कळत होतं. त्यांनी माझ्या ओट्यावर बसू नये, त्याच्या मांडवात बसावं, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

फोन ठेवला तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. कोण होतं, म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, राँग नंबर.

“राँग नंबरले साखरखेर्ड्याचा पत्ता सांगतला का तुम्ही?”

मी पाणी प्यायला उठलो. ती सवय तेव्हाची.

लग्नाला आम्हालाही आमंत्रण होतं. शेजाऱ्यानं आग्रहानं आपल्याच टेम्पोत पुढे बसवून नेलं. मांडव त्यानं फार सुंदर घातला होता. मला फेटा बांधला आणि कूलरसमोर पहिल्या रांगेत, पांढऱ्या कव्हरच्या नव्या खुर्चीत नेऊन बसवलं. सकाळभर मी स्वतःला समजावत होतो, की ते येणार नाहीत. आलेच तर बाजूला घेऊन बोलतील. शेवटी तीही माणसंच आहेत.

ते अक्षता वाटून झाल्यावर आले. जीप मांडवाच्या तोंडाशी लावली. शेजारी धावत गेला, हात जोडले, एवढं लग्न लागू द्या म्हणाला. त्यांनी आधी साउंडची वायर काढली. मग मागच्या रिकाम्या खुर्च्या उचलल्या. रिकाम्या संपल्या, तेव्हा माणसांना उठवायला लागले. मुलीचा बाप नुसता उभा होता. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत लोक उभे राहत गेले, लहान पोरांना कडेवर घेत, चपला शोधत. पहिल्या रांगेपर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला नाही.

“काकाजी, उठा.”

तोच घोगरा आवाज. माणूस बारीक होता, तरुण, चष्मेवाला. आवाजावरून मी पैलवान समजत होतो. माझ्या मनात त्या क्षणी एकच भीती आली: आता मी काही बोललो तर हा माझा आवाज ओळखेल. चारचौघांत म्हणेल, अरे, तुम्हीच ना ते पत्ता सांगणारे! माझा आवाज ओळखू येण्यासारखा आहे. त्याच्यावर मी आयुष्यभर मिरवलं. म्हणून मी तोंड घट्ट मिटलं, फेटा सावरला, उठलो, आणि त्याचं काम अडकून राहू नये म्हणून माझी खुर्ची मीच उचलून त्याच्या हातात दिली. तो “थँक्यू” म्हणाला. मी मान हलवली.

परत येताना टेम्पोत शेजारी म्हणाला, “भाऊसाहेब एक शब्द नाही बोलले. लागलं त्यांच्या मनाले.” गावात हीच गोष्ट पसरली. माझ्या मौनाची तारीफ झाली.

बिछायतीच्या धंद्यात सामान गेलं तर परत घेता येतं. पण ज्याच्या मांडवात वसुलीवाले येतात त्याला कोण बोलावणार? लोकांच्या मुलींची लग्नं असतात. शेजाऱ्याची सगळी मोसमाची कामं एकेक करून रद्द झाली. आता तो दुसऱ्याच्या बिछायत केंद्रावर रोजानं जातो.

त्या आठवड्यात तो एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला. खाली पायरीवर बसला, मी म्हणूनही वर आला नाही.

“भाऊसाहेब, माह्यामुळं तुम्हाले लय तरास झाला. भर मांडवात उठा लागलं. माफ करजा.”

आणि मी त्याला माफ केलं. खांद्यावर हात ठेवून केलं. आठवलं की आजही मला त्या हाताची लाज वाटते.

मग तो म्हणाला, साखरखेर्ड्याचं त्यांना कसं कळलं, तेच समजत नाही. बाहेर कोणाला माहीत नव्हतं. मजुरीवरून त्याचं आणि साळ्याचं आदल्या आठवड्यात वाजलं होतं. त्यानं विचारलं, “साळ्यानंच सांगतलं असन का? तुम्हाले काय वाटते?”

चौथा माणूस त्याच्यासमोर बसला होता. त्याच्या डोक्यात तो आलाच नाही. मी नुसतं “नाही” म्हणालो असतो तरी पुरलं असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “असा एकदम कोणावर आळ घेऊ नये. जाऊ द्या. घरचाच माणूस आहे.”

बघा, एकही शब्द खोटा नाही. तो उठला तेव्हा त्याची खात्री झालेली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे भांडण झालं. भाऊ शपथा घेत होता. बहीण दोघांच्या मध्ये उभी राहून आधी एकाला, मग दुसऱ्याला गप्प करत होती. शेवटी नवरा म्हणाला, की हा घरात राहिला तर मी राहत नाही. भावानं पिशवी भरली. माझी बायको माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, ही आता बोलेल. ती म्हणाली, “मी नाही सांगनार. मी काऊन सांगू? तुमच्या तोंडानं गेलं, तुमच्याच तोंडानं येऊ द्या.” त्यानंतर तिनं या विषयावर मला एकदाही टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊ शेगावला गेला आणि एका लॉजवर कामाला लागला. वर्षभरानं मी गेलो, दर्शनाला म्हणून. खरं तर त्याला सांगायला. बसमध्ये मी वाक्यं तयार केली होती. त्यानं मला लांबून ओळखलं, पिशवी हातातून घेतली, मालकाला सांगून खालची खोली कमी भाड्यात दिली आणि चहा घेऊन आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं विचारलं, “ताई बरी आहे ना?”

मी म्हणालो, बरी आहे.

“भाऊसाहेब, मी दाजीले सांगून सांगून थकलो. मी नाही बोललो कोनापाशी. तुम्ही एक डाव सांगून पाहा ना. तुमच्या शब्दाले वजन आहे तिथं.”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, सांगतो. तो वाकून पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला, चहा संपवला, रांगेत उभा राहून दर्शन घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून परत आलो. महाराजांनाही काही सांगितलं नाही. तिथंही मागे रांग होती.

घरी आल्यावर शेजारीण भिंतीपाशी आली. शेगावला गेले होते ना, म्हणून विचारलं. तो दिसला का, हे तिनं विचारलं नाही. नवरा अंगणात होता. मी तिला प्रसाद दिला.

त्या वर्षीच्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी ती सकाळी आमच्या दारात आली. नवी साडी, हातात ताट. माझ्या बायकोला म्हणाली, “वहिनी, यंदा दादालेच ओवाळतो. ताट सुनं ठेवू नये म्हनते.” बायकोनं पाट मांडला आणि भोवती रांगोळीचं बोट ओढलं. मी टोपी घालून बसलो. तिनं कुंकू लावलं, तांदूळ लावले, निरांजन फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती. मी ताटात नोट टाकली, नेहमीच्या ओवाळणीपेक्षा मोठी. ती म्हणाली, “एवढे कायले, दादा?” बायको चुलीकडे तोंड करून उभी होती.

तेव्हापासून दर भाऊबीजेला हे चालू आहे. दर वर्षी मी ठरवून बसतो. निरांजन वर जाताना सांगू, म्हणतो. मग खाली येताना सांगू, म्हणतो. मग ती नारळ हातात देते आणि मी “करंज्या छान झाल्या यंदा” असं काहीतरी बोलतो. ती गेल्यावर बायको पाट उचलून भिंतीला लावते, जरा जोरात.

मला जास्त काही म्हणायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे, आणि तिच्यासमोर बसून एवढंच आजवर जमलेलं नाही: बाई, तुझ्या भावानं कोणाला काही सांगितलं नाही. साखरखेर्ड्याचं मी सांगितलं, माझ्या ओट्यावर लोक बसू नयेत म्हणून. आणि तुझ्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी खरं दडवून तुझ्या भावाला घराबाहेर काढलं. या पाटावर बसायचा मान त्याचा आहे. तो मी चोरला. त्याला बोलावून घे, आणि जमलं तर मला क्षमा कर.